नास्तिकाचं तेरावं

माझे सासरे देव मानत नव्हते आणि मी मानत होते. एका घरात राहून आम्ही दोघं वर्षानुवर्षं त्यावरून भांडलो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यावरून आमच्या नात्यातल्या लोकांनी ठरवून टाकलंय की मी सासऱ्यांच्या पंथातली, म्हणजे नास्तिक. मी नास्तिक नव्हते. निदान तेव्हा तरी नव्हते.

माझं माहेर पार्ल्याचं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की आम्ही बहिणी हात जोडून ओळीनं उभ्या राहायचो. त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही स्वतःला विचारलं नाही. लग्न होऊन मी भांडुपला आले. सासरची माणसं मूळ कोकणातली. नवऱ्याचे आजोबा गिरणीत होते, वडील शिकले आणि भांडुपमध्येच एका शाळेत विज्ञानाचे मास्तर झाले. मी त्यांना बाबा म्हणायचे.

सासूबाईंचा लहानसा देव्हारा स्वयंपाकघरात होता. लग्नानंतर मी माहेरून आणलेला माझा गणपती त्यात मांडत होते, तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आत आले. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं.

"विरोधी पक्षाला बहुमत मिळालं म्हणायचं," असं म्हणून ग्लास विसळून ते बाहेर गेले. सासूबाई पदराआड हसल्या. या घरात आपलं जमेल असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

खरी भांडणं सुरू झाली ती माझी मुलगी शाळेत जायला लागल्यावर. एका रविवारी तिनं सरळ विचारलं, "आजोबा, सगळं जग कशातून आलं?" मी मरोळला एका छोट्या कंपनीत ऑफिसचं काम बघायचे, त्यामुळे निवांतपणे स्वयंपाक व्हायचा तो रविवारीच. मी आणि बाबा जमिनीवर बसून मोड आलेले वाल सोलत होतो. सोलताना बाबांचे हात माझ्यापेक्षा जलद चालायचे.

"फार फार पूर्वी सगळं अगदी दाटून एका ठिकाणी होतं," बाबांनी तिला सांगितलं. "प्रचंड गरम. मग ते पसरायला लागलं. अजून पसरतंय."

"आणि ते तिथं ठेवलं कुणी?" मी विचारलं.

"आली का तू मध्ये!" बाबा खूश झाले. "कुणी ठेवायला 'तिथं' म्हणून जागा तरी हवी ना? जागाच नव्हती. जागाही त्याच्याबरोबरच सुरू झाली."

"बरं. मग त्याच्या आधी काय होतं?"

"तुमच्या लग्नाच्या आधी तुमचा संसार कसा चालला होता, असं विचारतेयस तू. आधी हा शब्दच तिथं चालत नाही. किंवा चालत असेल, तर आज तरी कुणाला माहीत नाही."

"म्हणजे शेवटी तुम्हालाही माहीत नाहीच."

"नाही. पण मी तसं म्हणतो तरी. तुझा देव म्हणजे काय, तर 'माहीत नाही' या दोन शब्दांना घातलेला मुकुट."

मला राग यायचा. असं काही ते बोलले की मी वालाची सालं जरा जोरात टाकायचे. पण दिवसभर डोक्यात घोळून पुढच्या रविवारी मी काहीतरी नवीन घेऊन बसायचे. एकदा मी म्हणाले, "बाबा, मला कारण नकोच आहे. दिवा लावला की मला बरं वाटतं, बस."

त्यांनी हातातला वाल सोलून भांड्यात टाकला. मग म्हणाले, "त्याच्याशी माझं भांडण नाही गं. तुला बरं वाटतं हे खरंच आहे. पण बरं वाटतं म्हणून समोर कुणी बसलेलं आहे, एवढं मात्र मी मान्य करणार नाही."

माहेरी मला देव मिळाला होता, पण त्याच्याबद्दल विचार करायची मुभा मिळाली नव्हती. ती या माणसानं दिली. त्यांच्याशी वाद घालता घालता माझा देव हळूहळू बदलत गेला. नवसाला पावणारा, परीक्षेत पास करणारा, कोपणारा देव गळून पडला. उरला तो फार साधा होता, आणि माझा होता. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "अजून थोडे दिवस थांब, तोही गळेल."

माझा नवरा आणि माझे दीर या वादांत कधी पडले नाहीत. नवरा टीव्हीसमोरून ओरडायचा, "झालं का तुमचं विश्व बनवून? भूक लागलीये." त्याला देवाशी घेणं नव्हतं आणि देव नसण्याशीही नव्हतं. सोमवार, चतुर्थी, काहीही असो, त्याला मासे हवे असायचे. दीर लग्नानंतर बोरिवलीला राहायला गेले आणि तिथं कुठल्याशा सत्संगात जायला लागले. गळ्यात माळ आली, बोलण्यात 'गुरुकृपा' आली. बाबा त्यांनाही कधी टोचून बोलले नाहीत. "त्याला तिथं मित्र मिळाले असतील," एवढंच म्हणाले.

सासूबाई गेल्या तेव्हा मात्र मी बाबांचं एक वेगळंच रूप पाहिलं. भटजींनी जे जे सांगितलं ते सगळं त्यांनी केलं. धोतर नेसून पाटावर बसले, पाणी सोडलं, दर्भ बोटात घातला. शाळेतले त्यांचे एक जुने सोबती भेटायला आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "सर, तुम्ही हे सगळं?"

"ती मानायची ना," बाबा म्हणाले. "हे तिचं आहे. माझ्या मतांचा इथं काय संबंध?"

त्यानंतर काही महिन्यांनी ते एकटेच एका मेडिकल कॉलेजात जाऊन आले. दीर-जाऊ जेवायला आले होते त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, "मी देहदानाची नोंदणी केली आहे. मी गेलो की कॉलेजला फोन करायचा, ते गाडी पाठवतात. दहावं, बारावं, तेरावं, काही करायचं नाही."

"बघू हो बाबा," नवरा ताटातल्या माशाचे काटे काढत म्हणाला. "आत्ता कशाला हा विषय?"

"आत्ताच. नंतर सांगायला मी नसणार."

दिरांनी मान हलवली. कुणी विरोध केला नाही. जेवणं झाल्यावर भांडी आवरताना बाबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "इतकी वर्षं शाळेत हाडं शिकवली, पण सगळी तक्त्यावरच. पोरांना एक खरं हाड हातात देता आलं नाही मला. आता कुणीतरी पोरगं माझ्यावर शिकेल. मेल्यावर तरी प्रॅक्टिकल नीट होईल माझं." आणि ते स्वतःच हसले. मलाही हसू आलं. मी देव मानणारी बाई, आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, दान म्हणतात ते हेच असणार.

बाबा एका सकाळी गेले. चहा झाला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी "नाश्त्याला काय करू?" म्हणून विचारायला गेले तर मान एका बाजूला कलली होती. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवरा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मी त्याला धरून उभी राहिले. त्या घटकेला तो मला खरोखर फार जवळचा वाटला.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "कॉलेजला फोन करायला हवा."

त्यानं डोळे पुसले. "दादाला येऊ दे."

दादा आले, म्हणजे माझे दीर. दारातूनच त्यांनी मंत्र म्हणायला सुरुवात केली. पाठोपाठ घाटकोपरहून बाबांचे धाकटे भाऊ आले. ते आयुष्यभर मुंबईत राहिले, पण मन सगळं गावच्या वाडीत. त्यांना देहदानाचं कळलं तसे ते मटकन खाली बसले.

"माका ह्या काय कळणा नाय," ते रडत म्हणाले. "उद्या वाडीत लोक विचारतले, भावाक खंय दिलंस? मी काय सांगू त्यांका? कापूक दिलंय म्हणान सांगू?"

त्यांचा मला राग आला नाही. त्यांचं दुःख खरं होतं आणि त्यांची भीतीही खरी होती. मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, "काका, बाबांनी स्वतः ठरवलं होतं हे. सगळ्यांसमोर सांगितलं होतं." ते नुसतीच मान हलवत राहिले.

राग आला तो त्यानंतर जे झालं त्याचा. दीर नवऱ्याला गॅलरीत घेऊन गेले. दोघं आत आले तेव्हा नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपण रीतसर करू सगळं."

"रीतसर म्हणजे?"

"म्हणजे जसं करतात तसं."

"अरे, तू होतास ना तिथं? तू ऐकलंयस ना?"

"हे बघ," दीर म्हणाले, "बाबांचा आत्मा भटकत राहावा असं वाटतं का तुला?"

"बाबा आत्मा मानत नव्हते!"

"त्यांनी न मानल्यानं तो नाहीसा होतो का?"

हा मात्र वाद बाबांना आवडला असता. पण तिथं वाद घालायला कुणी जमलंच नव्हतं. शेजारचे लोक दारात उभे राहून ऐकत होते आणि नवरा मला खुणेनं गप्प बस म्हणत होता. मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि स्वतःच कॉलेजला फोन केला. तिकडचा माणूस सौम्यपणे बोलला. नोंदणी असल्याचं त्यानं पाहिलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"सून."

"मुलं आहेत का त्यांना? त्यांना द्या फोन."

मी नवऱ्याला आत बोलावलं आणि फोन त्याच्या हातात दिला. मला वाटलं, परक्या माणसाशी बोलताना तरी त्याला लाज वाटेल. तो म्हणाला, "नाही, आमची फॅमिली तयार नाहीये. सॉरी हं, तुम्हाला त्रास झाला." आणि फोन मला परत दिला. त्या माणसानं मला सांगितलं, "मॅडम, मुलगे नको म्हणत असतील तर आम्ही काही करू शकत नाही. सून चालत नाही याला."

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. ती बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाली, "पप्पा, आजोबांनी आजीचं सगळं तिच्या मनासारखं केलं होतं." दिरांनी तिला सांगितलं, "मोठ्यांमध्ये बोलू नये." ती बापाकडे बघत उभी होती आणि तो बाबांच्या पायाशी उदबत्ती लावत होता.

बाबांना नेलं. ज्यानं जन्मभर कपाळाला काही लावलं नाही त्या माणसाच्या कपाळावर चंदन होतं. तोंडात तुळशीचं पान होतं. मी देव्हाऱ्याकडे पाठ करून उभी होते.

पुढचे दिवस घरात दिरांचं राज्य होतं. त्यांच्या सत्संगातले एक गृहस्थ रोज संध्याकाळी पोथी वाचायला यायचे. ज्या खोलीत बाबा नातीला पेरू आणि लिंबू धरून ग्रहणं समजावून सांगायचे, त्याच खोलीत त्यांच्या फोटोसमोर बसून ते गृहस्थ मेल्यानंतरचे हाल वाचून दाखवायचे. कोणत्या पापाला कोणती शिक्षा, कुणाला उकळत्या तेलात टाकतात, कुणाला किडे खातात. एका संध्याकाळी देवाला न मानणाऱ्यांची पाळी आली. ते गृहस्थ भले होते, त्यांना बाबांबद्दल काहीच माहीत नव्हतं. मन लावून वाचत होते. बायका "अगं बाई" करत ऐकत होत्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता. दिरांचे डोळे मिटलेले होते.

दहाव्याला बायका जात नाहीत आमच्यात. मी गेले. तलावाच्या काठावर भाताचे पिंड ठेवायचे आणि कावळा शिवायची वाट बघायची. कावळा शिवला नाही तर मेलेल्या माणसाची काही इच्छा राहून गेली असं समजतात. मग घरचे लोक हात जोडून म्हणतात, तुमची इच्छा पुरी करू. खरं सांगते, मी त्या दिवशी देवाकडे एकच मागितलं. कावळा येऊ नको देऊ. इतक्या वर्षांत बाबांनी पाडलेल्या सगळ्या भोकांतून जो देव माझ्याकडे उरला होता, त्याच्याकडे मागितलं. दुपार होईपर्यंत यांना उन्हात उभं कर. यांच्याच तोंडून निघू दे की बाबांची एक इच्छा होती आणि आम्ही ती मोडली.

भटजींनी पिंड नीट ठेवलासुद्धा नव्हता, तोवर झाडावरून कावळा उतरला. पाठोपाठ दुसरा. मग पाच-सहा एकदम. रोज तिथं कुणाचं ना कुणाचं दहावं असतंच, कावळ्यांना वेळ पाठ झालेली. काका धाय मोकलून रडले आणि म्हणाले, "भाऊ तृप्त झालो रे." दिरांनी आकाशाकडे बघून हात जोडले. नवरा माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघितलंस?" तो म्हणाला. "समाधान झालं त्यांचं. उगाच तू मनाला लावून घेतलंस."

मी वळून रस्त्याकडे चालायला लागले. बोलले असते तर ओरडलेच असते.

तेराव्याचं जेवण झालं. गोडाचं होतं. लोकांनी बाबांबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. त्यांचा एक विद्यार्थी, आता स्वतः शिक्षक झालेला, म्हणाला, "सरांनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि जिलेबी घेतली.

पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं. शांतपणे विचारायचं ठरवलं होतं. "मला एकच सांग. तू मानतोस हे? कावळा, आत्मा, गती?"

"छे गं," तो म्हणाला. "देवबिव सोड. मला कुठं काय वाटतंय?"

"मग का केलंस?"

"अगं, काका, दादा, बिल्डिंगमधले लोक. कुणाकुणाला तोंड देणार होतो मी? आणि मला सांग, बाबाच म्हणायचे ना, मेल्यावर काही उरत नाही? मग त्यांचं काय बिघडलं? माणूस उरला नाही तर त्याची इच्छा कुठून उरली? त्यांच्याच लॉजिकनं बघ ना."

तो हे सहज बोलला. चतुराई करायची म्हणूनही नाही, अगदी मनापासून. मी त्याच्याकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि या माणसाच्या आत काय आहे हे मी कधी तपासलंच नव्हतं असं मला वाटलं. बाबांना मी दर रविवारी तपासायचे. त्यांचा प्रत्येक शब्द पारखून घ्यायचे. ज्याच्याशी मतं जुळत नाहीत त्याला आपण पारखत बसतो. जो कसलंच मत ठेवत नाही त्याच्याशी आपलं पटतं असं धरून चालतो.

"मग हे जेवण कुणासाठी होतं?" मी विचारलं.

"लोकांसाठी."

"आणि मंत्र?"

"तेही लोकांसाठी. तू ना, उगाच मोठं करतेस."

तेव्हा मला कळलं की बाबा आणि मी इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीवर भांडत होतो. आम्ही समजत होतो की प्रश्न देव आहे की नाही हा आहे, विश्व आपोआप झालं की कुणी केलं हा आहे. बाबा 'नाही' म्हणत होते, मी 'आहे' म्हणत होते, पण आम्ही दोघंही तो प्रश्न खरा मानत होतो. त्या घरात बाकी कुणाला तो प्रश्नच पडला नव्हता. त्यांचा देव दुसऱ्या मजल्यावर राहत होता, वाडीत राहत होता, जिन्यात चप्पल काढून आत डोकावत होता. त्याला नाव होतं लोक. त्याच्यापुढं बाप कापरासारखा जाळता येत होता.

नवऱ्याच्या त्या लॉजिकला मला नंतर पुष्कळ उत्तरं सुचली. माणूस उरत नाही म्हणूनच तर त्याचा शब्द उरणाऱ्यांनी सांभाळायचा असतो, नाहीतर कुणी कुणाला काही सांगूनच जाऊ नये. हे मी कधीतरी भाजी निवडताना मनातल्या मनात बोलते. नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. त्याला तो विषय आता संपला असं वाटतं आणि त्याच्यापुरता तो संपलाही आहे.

मुलगी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. ती फिजिक्स शिकते. बापाशी फोनवर व्यवस्थित बोलते, तब्येत विचारते. पण सुट्टीत घरी आली तरी त्याच्यासमोर स्वतःबद्दल काही सांगत नाही. त्याला ते जाणवत नाही. तो म्हणतो, पोरगी मॅच्युअर झाली.

माझा देव गेला की राहिला हे मला नीट सांगता येणार नाही. तलावावर मी त्याच्याकडे मागितलं आणि त्यानं कावळ्यांचा थवा पाठवला म्हणून मी रुसले, असं नाही. तेवढी बालिश मी राहिले नव्हते. झालं असं की दिवा लावायला गेले की त्याच देव्हाऱ्यासमोर त्या सकाळी हात जोडून उभे असलेले दीर दिसतात. उदबत्तीचा वास आला की बाबांच्या पायाशी वाकलेला नवरा दिसतो. जे माझं होतं ते त्यांनी इतकं वापरलं की ते आता माझं वाटत नाही. बाबांना माझा देव काढून घेता आला नाही. त्यांच्या आस्तिक मुलानं आणि कशातच नसलेल्या मुलानं मिळून तो काढून घेतला. गणपती अजून तिथंच आहे. सकाळी नवराच फूल वाहतो, ऑफिसला जाता जाता, चप्पल घालायच्या आधी.

रविवारी मी आता वाल करत नाही. एकटीनं सोलायला कंटाळा येतो.

वर्षश्राद्ध आलं तेव्हा मी नवऱ्याला आधीच सांगितलं की मी स्वयंपाक करणार नाही. त्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला. मला वाटलं, आता तरी विचारेल, का म्हणून. आता तरी भांडेल. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मुलुंडला एकजण करतो ऑर्डरप्रमाणे. वडे, खीर, सगळं आणून देतो."

सगळं वेळेवर आलं. दीर आले, काका आले, भटजी आले. पंगत बसली. काकांनी खीर दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, चव अगदी घरच्यासारखी आहे.